गव्हाच्या फुलोऱ्यातील बुरशीजन्य रोगांचे व्यवस्थापन: प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी

पेरणी होऊन आज ८७ दिवस झाले. तिन्ही तुकड्यांत शेंड्याचे पान पूर्ण उलगडले असून पीक पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणात असण्याच्या अवस्थेत) येऊ लागले आहे, त्यामुळे नोंदवहीचा खरा भाग आजपासून सुरू होतो. प्रकल्पाचा प्रश्न एकच आहे: फ्युझेरियम या बुरशीमुळे ओंबीवर येणाऱ्या करप्याविरुद्धची फवारणी पेरणीपासूनचे दिवस मोजून न करता, फुलोरा प्रत्यक्ष मोजून केली तर ती नेमक्या वेळी साधते का? ती साधण्याच्या धडपडीत तांबेरा आणि काणी या गव्हाच्या इतर बुरशीजन्य रोगांकडे दुर्लक्ष होऊ नये, ही त्याला जोडलेली अट आहे.

तुकडा ‘अ’ मध्ये गेल्या हंगामात मका होता आणि त्याची धसकटे जमिनीवरच ठेवून, मशागत न करता गहू पेरला आहे. ‘ब’ मध्येही मकाच होता, मात्र तेथे खोल नांगरट करून अवशेष गाडले आहेत. ‘क’ मध्ये सोयाबीन होते. तिन्हीकडे वाण एकच असून तो या रोगाला मध्यम प्रमाणात बळी पडणारा आहे. रोगाला पुरता दाद न देणारा वाण गव्हात नाहीच. चीनमधील ‘सुमाई ३’ या वाणातून आलेले आणि जगभरच्या पैदास कार्यक्रमांत वापरले जाणारे ‘एफएचबी१’ जनुकसुद्धा रोगाचा ओंबीतील प्रसार मंदावते, लागण अडवत नाही. प्रत्येक तुकड्यात ६ मीटर रुंदीचा एक पट्टा तुलनेसाठी विनाफवारणी ठेवायचा आहे.

एक उणीव आत्ताच लिहून ठेवतो. ‘अ’ च्या उत्तर बाजूस पेरणीयंत्राच्या नळ्या मातीने तुंबल्या होत्या, हे उगवण झाल्यावरच लक्षात आले आणि तेवढा पट्टा १२ दिवसांनी पुन्हा पेरावा लागला. उशिरा पेरलेला गहू पुढे बरेचसे अंतर भरून काढतो, पण पूर्ण नाही. हा पट्टा फुलोऱ्याच्या वेळी अडचण करणार, हे नक्की.

१६ फेब्रुवारी

सकाळी ‘अ’ मधील मक्याची धसकटे उचलून भिंगाखाली पाहिली. पेरांजवळ निळसर काळे, मोहरीपेक्षाही बारीक दाणे खरवडीसारखे चिकटलेले दिसले आणि नखाने दाबल्यावर ते कुरकुरीत फुटले. ही फ्युझेरियम ग्रॅमिनेरम या बुरशीची फळे होत. पाऊस किंवा दाट दव पडून ती भिजली की त्यांतून बीजाणू हवेत उडवले जातात आणि वाऱ्याबरोबर ओंबीपर्यंत पोहोचतात. गव्हातील बहुतेक पानांचे रोग खालच्या पानांवरून पायरी पायरीने वर चढतात. हा रोग मात्र जमिनीवरच्या काडीकचऱ्यातून थेट ओंबीवर येतो, म्हणून पाने स्वच्छ दिसणे हे ओंबी सुरक्षित असल्याचे लक्षण मानता येत नाही.

‘ब’ मध्ये शोधूनही असे अवशेष मोजकेच सापडले. तरीही ‘ब’ ला निर्धोक म्हणता येणार नाही, कारण वाऱ्यावरच्या बीजाणूंना बांध ठाऊक नसतो आणि ‘अ’ अगदी शेजारीच आहे. या मांडणीत तुकडे एकमेकांपासून पुरेसे दूर नाहीत, ही आखणीतील त्रुटी आहे आणि निष्कर्ष काढताना ती लक्षात ठेवावी लागेल.

२० फेब्रुवारी

‘क’ च्या सखल कोपऱ्यात पिवळा तांबेरा आढळला. शिरांना समांतर अशा बारीक पिवळ्या पुळ्यांच्या रेघा, बोट फिरवले की हळद लागावी तशी भुकटी, आणि पसरण सुमारे दोन खाटांएवढी. रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास असून सकाळी दहापर्यंत पानांवर दव टिकते; पिवळ्या तांबेऱ्याला याहून अधिक काही लागत नाही.

येथे निर्णय अवघड होता. फुलोऱ्यातील फवारणीत जे ट्रायझोल गटातील बुरशीनाशक वापरायचे आहे ते तांबेऱ्यावरही चालते, म्हणून दहाबारा दिवस थांबून एकाच फवारणीत दोन्ही कामे उरकण्याचा मोह होतो. परंतु दाणा भरण्यात शेंड्याच्या पानाचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि सक्रिय तांबेऱ्याला दहाबारा दिवस दिले तर तेवढ्यात त्याची पुढची पिढी तयार होते. म्हणून तो कोपरा आणि त्याभोवतीचा दहा मीटरचा घेर प्रोपिकोनॅझोल २५ ईसी (हेही ट्रायझोल गटातलेच), १ लिटर पाण्यास १ मिलि या प्रमाणात, आजच फवारला.

स्ट्रॉबिल्युरिन गटातील औषध हाताशी होते आणि तांबेऱ्यावर ते उत्तम काम करते, तरी ते मुद्दाम बाजूला ठेवले. ओंबी निसवण्याच्या, म्हणजे पोटरीतून बाहेर पडण्याच्या, सुमारास किंवा त्यानंतर या गटातील औषध फवारले तर फ्युझेरियमच्या विषाचे, म्हणजे डीऑक्सिनिव्हॅलेनॉलचे, दाण्यातील प्रमाण वाढू शकते. पिकाची हिरवाई पाहून समाधान वाटते आणि दाण्यात मात्र उलटेच घडलेले असते. मिश्र औषधांच्या बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय ती टाकीत ओतू नये, अशी सूचना फवारणी करणाऱ्या सर्वांना दिली आहे.

२३ फेब्रुवारी

आज तिन्ही तुकड्यांना तुषार संचाने भरपूर पाणी दिले. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला तर ओंबीत दाणे कमी धरतात, आणि त्याच दिवसांत वरून पाणी दिले तर ओंब्या तासन् तास भिजून रोगाला आयते आमंत्रण मिळते. या कात्रीतून सुटण्याचा एकच मार्ग दिसतो: निसवण्याआधी जमिनीचा थर नीट भरून घ्यावा आणि फुलोरा सुरू होण्याच्या सुमारे पाच दिवस आधीपासून तो संपेपर्यंत तुषार संच बंद ठेवावा. सरी किंवा सारे पद्धतीने पाणी देता आले असते तर इतका विचार करावा लागला नसता.

२७ फेब्रुवारी

ओंब्या निसवत आहेत. ‘ब’ च्या पश्चिम कडेला काणीच्या ११ ओंब्या सापडल्या. काणीची ओंबी निरोगी ओंबीच्या किंचित आधी बाहेर पडते आणि दाण्यांच्या जागी नुसती काळी भुकटी असते, त्यामुळे या दोनतीन दिवसांत ती जितकी सहज नजरेस पडते तितकी पुढे पडत नाही. वाऱ्याने भुकटी उडाली की मागे उघडा दांडा उरतो. ही भुकटी शेजारच्या उमललेल्या फुलांत शिरते, बुरशी दाण्याच्या अंकुरात जाऊन बसते आणि तो दाणा बाहेरून अगदी निरोगी दिसतो. रोग दिसतो तो पुढच्या हंगामात, त्याच बियाण्यातून.

म्हणजे फुलोऱ्यात होणाऱ्या या लागणीवर फुलोऱ्यातील फवारणी हा उपाय नाही. उपाय आहे तो पेरणीपूर्वी आंतरप्रवाही (झाडात शिरून आत पसरणाऱ्या) बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया, आणि बियाण्याच्या प्लॉटमध्ये रोगट ओंब्या काढून टाकणे. एका मदतनिसाने पहिली ओंबी सरळ उपटली तेव्हा धूर उठावा तशी भुकटी आजूबाजूला उडाली. त्यानंतर प्रत्येक ओंबीवर आधी कागदी पिशवी चढवून, तिचे तोंड दांड्याशी आवळून, मगच दांडा कापला. सर्व पिशव्या शेताबाहेर नेऊन जाळल्या. ‘ब’ चे धान्य बियाण्यासाठी ठेवायचे नाही, हेही आजच ठरवले.

१ मार्च

फुलोऱ्याची पहिली मोजणी केली. पद्धत अशी: तुकड्यात पाच ठिकाणी थांबायचे, प्रत्येक ठिकाणी १० मुख्य खोडांच्या ओंब्या पाहायच्या आणि ओंबीच्या मध्यभागी पिवळे परागकोश बाहेर लोंबत असतील तरच ती फुलोऱ्यात धरायची. फुटव्यांच्या ओंब्या मोजायच्या नाहीत, कारण त्या मागून येतात. गव्हाची ओंबी मध्यापासून उमलू लागते आणि मग वर व खाली अशी दोन्हीकडे सरकते. एका ओंबीचा फुलोरा साधारण तीन ते पाच दिवस चालतो. निम्म्या मुख्य ओंब्यांच्या मध्यावर परागकोश दिसले की फुलोरा सुरू झाला असे मानायचे आणि त्या दिवसापासून पाचसहा दिवसांत फवारणी उरकायची. त्याआधी केलेली फवारणी पानांना उपयोगी पडते, ओंबीला फारशी नाही. त्यानंतरची तर बहुतेक वाया जाते.

सकाळी ‘अ’ मध्ये ५० पैकी २६ ओंब्या फुलोऱ्यात भरल्या आणि मी फवारणीची तयारी करण्यास सांगितले. दुपारी आकडे पुन्हा पाहताना लक्षात आले की पाचपैकी तीन ठिकाणे बांधालगत, चालायला सोयीची अशी निवडली गेली होती. बांधाकडील झाडे विरळ आणि थोडी ताणात असल्याने आधी उमलतात. आत शिरून पुन्हा मोजले तेव्हा ५० पैकी ९ च निघाल्या. चूक माझीच होती. तयारी थांबवली.

एक परागकोश चिमट्याने काढून भिंगाखाली पाहिला. नुकताच बाहेर पडलेला परागकोश पिवळाधमक आणि ताठ असतो, तर दोन दिवसांपूर्वीचा पांढुरका, सुरकुतलेला आणि तुसाच्या फटीत अर्धवट अडकलेला असतो. धोका या दुसऱ्याचाच अधिक. परागकोशातील कोलीन आणि बीटेन या द्रव्यांनी बुरशीच्या वाढीला जोर मिळतो आणि फटीत अडकलेला मृत परागकोश तिला थेट बीजांडाशी नेऊन पोहोचवणारा पूलच ठरतो. फुलोऱ्याआधी ही वाट तिला जवळपास बंद असते, आणि म्हणूनच या आठवड्याला इतके महत्त्व आहे.

३ मार्च

आत शिरून केलेल्या मोजणीत ‘अ’ मध्ये ५० पैकी २४, ‘ब’ मध्ये २७ आणि ‘क’ मध्ये २२ ओंब्या फुलोऱ्यात आहेत. ‘अ’ च्या उशिरा पेरलेल्या पट्ट्यात अद्याप एकही नाही. गेल्या आठवड्यात दोनदा हलका पाऊस झाला, दिवसाचे तापमान २४ अंशांपर्यंत चढले आणि काल रात्रभर सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर राहिली. ५ तारखेला पुन्हा पावसाचा अंदाज आहे. बुरशीला १५ ते ३० अंश तापमान आणि सलग ओलावा एवढेच हवे असते, आणि दोन्ही हजर आहेत. ओंब्यांवर रोगाची एकही खूण नाही. ती दिसण्याची वाट पाहणे म्हणजे फवारणीची वेळ घालवणे, म्हणून उद्या फवारणी करायची.

उरलेली दुपार फवारणी यंत्राच्या चाचणीत गेली आणि ती सत्कारणी लागली. पाण्याचा थेंब पडताच पिवळ्याचा निळा होणारा कागद ओंबीएवढ्या काठीभोवती गुंडाळून अशा सहा काठ्या पिकात ओंब्यांच्या उंचीवर उभ्या केल्या आणि नुसत्या पाण्याची फवारणी केली. नेहमीच्या सरळ खाली मारणाऱ्या नोझलने कागदाच्या वरच्या कडेवर दाट ठिपके आले, बाजूंवर विरळ आले, आणि खालच्या पानांवर मात्र पाणी निथळत होते. तणनाशकासाठी ही मांडणी योग्य असेल, पण ओंबी हे उभे, अरुंद आणि कुसळांनी झाकलेले लक्ष्य आहे. नोझल आडव्या रेषेपासून सुमारे ३० अंश खाली, पुढच्या दिशेने झुकवल्यावर काठीची समोरची बाजू चांगली भरली, पण मागची बाजू पिवळीच राहिली. शेवटी पुढे आणि मागे असे दोन फवारे सोडणारी जोड नोझल बसवली तेव्हा दोन्ही बाजूंना सारखे ठिपके आले.

हा खटाटोप अनाठायी वाटू शकतो, पण त्यामागे ठोस कारण आहे. ट्रायझोल औषधे आंतरप्रवाही म्हणवली जात असली तरी ती ज्या पानावर पडतात त्याच पानात शेंड्याकडे सरकतात. पानातून ओंबीत जात नाहीत, आणि ओंबीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडेही पुरेशी जात नाहीत. जेथे थेंब पडला तेथेच संरक्षण. थेंबही फार बारीक नकोत, कारण ते वाऱ्याने वाहून जातात. ३०० ते ३५० मायक्रॉनचे मध्यम थेंब ठेवले आहेत. फवारणीदांडी ओंब्यांच्या वर २० ते २५ सेंटिमीटर.

४ मार्च

दव सुकल्यावर सकाळी साडेनऊला सुरुवात करून दुपारी एकपर्यंत ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ मध्ये, उशिराचा पट्टा व तुलनेचे पट्टे वगळून, टेब्युकोनॅझोल या ट्रायझोल बुरशीनाशकाची लेबलावरील मात्रेप्रमाणे फवारणी पूर्ण केली. वारा मंद होता. ओंब्यांवर दाट दव असताना फवारले तर औषध दवाबरोबर ओघळून जाते, म्हणून लवकर सुरुवात करण्याचा आग्रह मोडून काढला. फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा वापरला. कापणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लेबलावरून टिपून तुकड्यांच्या पाट्यांवर लिहिले आहे.

५ मार्च

रात्री १४ मिलिमीटर पाऊस. ओंब्या दुपारपर्यंत ओल्या.

८ मार्च

उशिराच्या पट्ट्यात आज ५० पैकी २८ ओंब्या फुलोऱ्यात आहेत. म्हणजे पेरणीतील १२ दिवसांचे अंतर येथे पाच दिवसांवर आले. हा पट्टा आज सकाळी स्वतंत्रपणे फवारला. तो ४ तारखेलाच सर्वांबरोबर फवारून टाकावा, असा सोयीचा सल्ला मिळाला होता. पण तेव्हा त्या ओंब्या अर्ध्या पोटरीतच होत्या, आणि पोटरीत झाकलेल्या ओंबीवर औषध पडतच नाही. एवढ्याशा पट्ट्यासाठी टाकी पुन्हा भरणे, धुणे आणि उरलेल्या द्रावणाची सोय लावणे हा खर्च खरोखर जास्त आहे. पुढील वेळी पेरणी एकसारखी होणे हाच रोगव्यवस्थापनाचा पहिला भाग धरला पाहिजे. पीक एकाच वेळी फुलले तरच एक फवारणी पुरते.

१३ मार्च

फुलोरा सर्वत्र संपला. तुषार संच पुन्हा सुरू केला. ‘क’ च्या कोपऱ्यातील तांबेऱ्याच्या जुन्या पुळ्या वाळून तपकिरी पडल्या आहेत आणि शेंड्याची पाने स्वच्छ आहेत. ओंब्यांवर अजूनही काही दिसत नाही.

२५ मार्च

फुलोरा सुरू होऊन २२ दिवस झाले असून दाणा चिकातून पिठाळ होत आहे. रोगमापनाची हीच वेळ. याआधी लक्षणे पुरती उमटत नाहीत आणि यानंतर पीकच पिवळे पडू लागल्याने रोगट आणि पक्व ओंबी वेगळी ओळखता येत नाही.

‘अ’ च्या विनाफवारणी पट्ट्यात शिरताच हिरव्या ओंब्यांमध्ये अर्धवट पांढुरक्या ओंब्या उठून दिसल्या. एक तोडून घेतली. खालच्या पाच कणिशिका (ओंबीतील दाण्यांचे छोटे झुपके) हिरव्यागार, त्यावरची एक तपकिरी, आणि तिच्या वरचा सगळा भाग पेंढ्याच्या रंगाचा. तपकिरी कणिशिकेच्या तुसाच्या बुडाशी फिकट नारिंगी गुलाबी, ओलसर असा बुरशीचा थर होता. तुसे दूर केल्यावर ओंबीचा दांडाही त्या जागी काळपट पडलेला दिसला. लागण एकाच कणिशिकेत झाली, बुरशी तेथून दांड्यात उतरली आणि वरच्या भागाचा पाणीपुरवठा तुटून तो न पिकताच वाळला. पूर्ण पांढरी पडलेली आणि ओढताच अलगद निघून येणारी ओंबी मात्र यात धरली नाही, कारण ते खोडकिडीचे काम असते.

विनाफवारणी पट्ट्यांपैकी ‘अ’ मध्ये रोग सर्वाधिक, ‘ब’ मध्ये त्याहून बराच कमी आणि ‘क’ मध्ये सर्वांत कमी आहे. फवारलेल्या भागात ‘अ’ मध्येही रोगट ओंब्या तुलनेच्या पट्ट्यापेक्षा निम्म्याहून कमी भरल्या; पण त्या आहेत, आणि हे नोंदवताना संकोच करण्याचे कारण नाही. वेळेवर केलेली उत्तम फवारणीसुद्धा हा रोग कमी करते, पुसून टाकत नाही. फवारलेला ‘अ’ आणि न फवारलेला ‘क’ यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जड वाटलेली गोष्ट हीच: जे काम आम्ही भिंग, कागद आणि जोड नोझल घेऊन केले, जवळपास तेवढे ‘क’ मध्ये आधीच्या पिकाने परस्पर करून ठेवले होते. अर्थात हे एका शेतातले आणि एका हंगामातले निरीक्षण आहे.

२७ मार्च

शंकास्पद १० ओंब्या ओलसर टिपकागदासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून खोलीतच ठेवल्या होत्या. दोन दिवसांत आठ ओंब्यांवर कापसासारखी पांढरी आणि मधूनमधून गुलाबी छटेची बुरशी आली. उरलेल्या दोन बहुधा कुसळे मोडल्याने वाळल्या असाव्यात.

२० एप्रिल

कापणी आणि मळणी झाली. लेबलावरील मुदत सर्व भागांत उलटून गेली आहे. ‘अ’ चा तुलनेचा पट्टा शेवटी आणि वेगळा मळला. मळणीयंत्राच्या पंख्याचा वेग नेहमीपेक्षा वाढवून ठेवला होता, कारण रोगट दाणे सुरकुतलेले, खडूसारखे पांढरे आणि हलके असतात व वाऱ्याबरोबर बरेचसे बाहेर फेकले जातात. थोडे चांगले दाणेही गेले. ते जाणारच होते.

धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून पोत्यांत भरले. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण आधीच तयार झालेले विष कमी होत नाही, आणि ते भाजण्या-शिजवण्यानेही फारसे नाहीसे होत नाही. म्हणून दाणे बाहेरून चांगले दिसतात एवढ्यावर न थांबता प्रत्येक तुकड्याचे नमुने तपासणीसाठी काढले. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते, त्यामुळे एका पोत्यातील मूठभर धान्यावरून काहीच कळत नाही. प्रत्येक पोत्यात परखी (धान्याचा नमुना काढण्याची पोकळ सळई) तीन खोलींवर खुपसून काढलेले धान्य एकत्र केले, ढवळले आणि त्यातून १ किलोचा नमुना बांधला. तुलनेसाठी या विषाची युरोपीय संघाची मर्यादा धरणार आहे, जी जुलै २०२४ पासून प्रक्रिया न केलेल्या साध्या गव्हासाठी किलोमागे १००० मायक्रोग्रॅम अशी कडक झाली आहे. आधी ती १२५० होती.

नमुने काढताना प्रत्येक पोत्याचा वासही घेतला. कर्नाल बंट हा दाण्यावरचा बुरशीजन्य रोग असेल तर धान्याला मासळीसारखा वास येतो आणि दाण्याच्या टोकाशी काळी पोकळी दिसते; तीही लागण फुलोऱ्याच्या आसपासच झालेली असते. तसे काही आढळले नाही.

२२ एप्रिल

‘अ’ मधील गव्हाची आणि मक्याची उरलेली धसकटे बारीक करून गाडण्याचे काम सुरू केले आहे. पुढील पेरणीत तेथे मक्यानंतर गहू येणार नाही. ‘ब’ ची पोती वेगळ्या चिठ्ठीने बांधून ‘बियाण्यासाठी नाही’ असे लिहिले आहे. नमुने आज रवाना झाले.